धावपट्टीवरची पांढरी वाळू

अस्सलामु अलैकुम. आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या बेटाचे मुखिया माननीय उस्मान. राजधानीहून मुद्दाम आलेले विमानखात्याचे अधिकारी. मंचावर अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती रुगिय्याताई. आणि आपापले खराटे दाराशी टेकवून आत आलेल्या आयाबहिणींनो!

ताई, उठू नका, थोडक्यात आवरतो. हसताय काय? खरंच आवरतो.

गोऱ्या सैनिकांची छावणी इथे होती तेव्हा मी, हा इद्रीस, फाटकावर दुभाषा होतो आणि ताई चाळीस झाडणाऱ्या बायकांच्या मुकादम. खेकड्यांनी ओढून आणलेले शिंपले-खडे रोज पहाटे धावपट्टीवरून झाडायचे, हे त्यांचं काम. एकदा गोऱ्यांचा बडा सेनापती यायचा होता. आता मला सांगा, मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या घरी काय करतात? अंगण झाडून वर किनाऱ्यावरची ताजी पांढरी वाळू पसरतात. ताईंनी तेच केलं. पट्टीचं एक टोक ईदेच्या अंगणासारखं शुभ्र! विमान डोक्यावर घिरट्या घालतंय, ही वाळू इंजिनात गेली तर संपलंच, आणि छावणीचे गोरे साहेब लालबुंद. ते जे काही बोलले त्याचा मी एवढाच अर्थ सांगितला, "साहेबांना वाळू फार आवडली, पण लगेच उचला म्हणतात."

ताई म्हणाल्या, "आवडली तर बोंबलतोय कशाला मेला?"

वीस मिनिटांत चाळीस खराट्यांनी पट्टी लख्ख केली.

पुढे छावणी उठली. माणसं कामासाठी पांगली, बराकींत कोंबड्या नांदू लागल्या. ताई मात्र उरलेल्या सहा जणींना घेऊन रोज पहाटे पट्टीवर हजर. मी फाटकाशी सुपारी चघळत विचारायचो, "काय ताई, आज कुठला सेनापती?" सगळे हसायचे. त्या एवढंच म्हणायच्या, "अंगण झाडलेलं नसेल तर पाहुणा उतरेल कुठे?" असे आठ महिने गेले.

मग माझी बायको शरीफा बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले, सुईणीने हात टेकले. होडीने राजधानी गाठेपर्यंत ती वाचली नसती. रेडिओवरून विनवण्या केल्या, तेव्हा एक छोटं विमान निघालं. वैमानिकाने विचारलं, "पट्टी साफ आहे का?" काय सांगू? आठ महिने मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

मागून दारातून आवाज आला, "सांग त्याला, आज सकाळीच झाडलीय."

विमान उतरलं. शरीफा वाचली. ती बघा, तिसऱ्या रांगेत, आणि शेजारी आमची लेक, भाषण सोडून तळलेल्या मासळीच्या करंज्या खातेय. तेव्हापासून राजधानीने ही पट्टी मोडीत काढायचं नाव घेतलं नाही. पुढच्या महिन्यापासून इथे आठवड्याला दोन विमानं येणार, हे विमानखात्याच्या साहेबांनी आत्ताच जाहीर केलं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि करंज्या तळणाऱ्या हातांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. पण ताई, आठ महिने फाटकाशी उभा राहून मी हसलो, त्याची माफी सभेकडे नाही, तुमच्याकडे मागतो. आणि दाराशी टेकवलेला तुमचा खराटा आता मला द्या. उद्या पहाटेची पाळी माझी.