निदान दोन वेगळी कामं

आणि वर मलाच विचारतात, ‘काका, तुम्ही दार बसवलंतच कशाला?’ म्हणजे काय, माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाथरूमला दार बसवायचं नाही? तुम्हाला सांगतो, अडुसष्ट वर्षं झाली मला, आयुष्यात कधी सिग्नल मोडला नाही, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही, आणि परवाना कार्यालयातली ती खिडकीतली बाई माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी कुणाचा तरी... जाऊ दे. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. घाई नाहीये ना? मग बसा. बसा हो, पाच मिनिटं.

झालं असं, की माझी ताई येणार होती राहायला. थोरली बहीण, त्र्याहत्तर वर्षांची. ती तिकडे भाड्याच्या घरात एकटी, मी इकडे एकटा, बायको जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि रोज संध्याकाळी फोनवर आम्ही दोघं एकमेकांना विचारणार, जेवलास का, जेवलीस का, आणि दोघंही खोटं बोलणार. तर तिच्या घरमालकाला महिनाअखेर जागा रिकामी करून हवी झाली. ती म्हणाली, ‘छोट्या,’... हो, अजून छोट्याच म्हणते... ‘मला मुलाकडे नाही जायचं रे. सून चांगली आहे, पण ती दोघं सकाळी जातात ती दिवे लागल्यावर येतात, नात आता मोठी झाली, तिला कुठे आजी लागते? मी काय भिंतींशी बोलू? तुझ्याकडेच येते. पण तुझं बाथरूम वर, आणि माझे गुडघे गेलेत. खाली काहीतरी कर.’

खाली काहीतरी कर! फोन ठेवला, सरळ जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि एकटाच हसायला लागलो. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं होतं हो.

ठेकेदार भला माणूस. आला, टेप लावला, पेन्सिलीने मिशी खाजवली, म्हणाला, ‘काका, पाइप, फरशी, दार. दहा दिवसांचं काम. पुढच्या सोमवारी येतो.’ पुढच्या सोमवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ‘काका, आधीचं घर अडकलंय, बस आलोच.’ इकडे ताईचा रोज फोन, ‘झालं का रे?’ आता मी काय करणार? हातावर हात धरून बसणार? मी सुताराला गाठलं, दार बसवून घेतलं. फरशीवाल्याला गाठलं, फरशी टाकून घेतली, पाइपांच्या जागेपुरती वीतभर पट्टी तेवढी सोडून. म्हटलं, ठेकेदार येईल तेव्हा फक्त पाइप उरतील, दोन दिवसांत मोकळा. केवढा हुशार मी! ताईला फोनवर सांगितलं सुद्धा, ‘दार लागलं बरं का, मोतिया रंगाचं आहे.’

ठेकेदार आला. दार बघितलं. फरशी बघितली. आणि डोक्याला हात लावून जिन्याच्या पायरीवर बसला.

‘काका, हे काय करून ठेवलंत?’

म्हटलं, ‘तुमचं काम हलकं केलं.’

‘हलकं नाही, बेकायदा केलंत.’

मग त्याने मला समजावलं, तसंच मी तुम्हाला सांगतो. त्याच्याकडे परवाना आहे बांधकामाचा. त्या परवान्यावर तो घरातले पाइप जोडू शकतो, पण केव्हा? त्याच कामात पाइपांशिवाय निदान दोन वेगळी कामं असतील तेव्हा. सुतारकाम घ्या, फरशी घ्या, रंग घ्या, काहीही घ्या, पण दोन. नुसते पाइपच असतील, तर ते प्लंबरचं काम, त्याला प्लंबरचा वेगळा परवाना. म्हणजे बघा, तोच माणूस, तोच पाना, तोच पाइप. शेजारी दार नसेल तर त्याला जोडता येतो, आणि दार असेल तर येत नाही! आता यात माझं काय चुकलं?

म्हटलं, ‘अहो, जोडून टाका गुपचूप, कोण बघतंय?’ तर म्हणाला, ‘काका, तपासनीस बघतो. परवाना गेला तर मी घरी बसेन, आणि मला घरी बसून करमत नाही.’ म्हटलं, मला विचारा.

मग परवानेवाल्या प्लंबरांना फोन. पहिला म्हणाला, ‘दोन महिने हात रिकामा नाही.’ दुसरा म्हणाला, ‘एवढुशा कामाला येत नाही आम्ही.’ तिसऱ्याच्या बायकोने घेतला फोन, ते बाहेर गेलेत म्हणाली, आणि मग आमचं बोलणं बरंच चाललं, वीसेक मिनिटं, तिच्या पाठदुखीबद्दल. छान बोलते बाई. पण प्लंबर काही मिळाला नाही.

शेवटी परवाना कार्यालय. खिडकीतल्या बाईंपुढे सगळं मांडलं. ‘ती पट्टीची फरशी राहिलीय ना, ते एक काम धरता येईल,’ त्या म्हणाल्या, ‘आणखी एक लागेल.’ म्हटलं, ‘दार आहे.’ ‘दार बसलंय.’ ‘बसलंय.’ ‘मग ते काम कसं होईल? बसलेलं दार हे काम नाही, काका. नसलेलं दार हे काम.’ म्हटलं, ‘आणि समजा, उद्या सकाळी ते नसलं तर?’ बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘तर नवा नकाशा, नवा अर्ज. अठरा दिवस.’

घरी आलो, पेचकस घेतला, आणि माझ्या या हातांनी, सोळा स्क्रू काढले. ते मोतिया दार पाठीवर घेऊन जिना चढलो आणि माझ्या पलंगाशेजारी, बायको झोपायची त्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलं. अठरा दिवस ते दार होतं खोलीत. खरं सांगतो, सवय झाली हो त्याची.

महिना संपला. ताईला सामान हलवणं भाग होतं. ‘आठ दिवस मुलाकडे जाते,’ म्हणाली, ‘तुझं झालं की निघालेच.’

मग मंजुरी आली, आणि ठेकेदार त्याची दोन माणसं घेऊन आला. ते चार दिवस काय सांगू तुम्हाला! घरात ठोकाठोक, धूळ, कुणी शिट्टी वाजवतंय, कुणी ‘काका, पाणी बंद करा’ म्हणून ओरडतंय, मी दिवसातून सहा वेळा चहा करतोय. तिसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, ‘उद्या संपेल.’ मी म्हटलं, ‘सावकाश करा, गडबड नाही.’ तोंडातून निघून गेलं. ज्या कामासाठी दीड महिना जीव टाकला, ते संपू नये असं वाटायला लागलं. वेडेपणाच, दुसरं काय?

काम झालं, लगेच फोन केला. ‘ताई, झालं. दार पण बसलं परत.’ तर ती म्हणाली, ‘छोट्या, रागावू नको हं. ही नात, कार्टी, शाळेतून आली की दप्तर टाकते आणि पहिली माझ्या खोलीत येते रे. स्वतःचा पलंगसुद्धा माझ्या खोलीत आणून टाकलाय. रोज पत्ते खेळतो आम्ही, लबाडी करते, अगदी माझ्यासारखी.’ आणि हसली. आता अशी हसणारी बाई, तिला काय म्हणणार तुम्ही, की ये इकडे, माझ्याकडे बाथरूम आहे? म्हटलं, ‘नाही गं, रागावतो कशाला. राहा तिकडेच.’ मग तिने विचारलं, ‘जेवलास का?’ म्हटलं, ‘जेवलो.’

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. लांब, वाळका, अगदी कमी बोलणारा. नळ सोडला, बंद केला, पाइपांच्या जोडांवरून बोट फिरवलं, दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. मग कागद काढला. ‘अर्जात लिहिलंय, वापरणार ज्येष्ठ महिला, एक. कुठे आहेत त्या?’

‘मुलाकडे.’

‘येणार कधी?’

‘येणार नाहीत.’

‘मग हे वापरणार कोण?’

म्हटलं, ‘मी.’

‘आणि वरचं?’

‘तेही मीच.’

त्याने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला हो. म्हटलं, आता याचंही काहीतरी कलम निघणार. मग त्याने शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘काही हरकत नाही. एकट्या माणसाला दोन बाथरूम वापरायला परवाना लागत नाही.’

म्हटलं, ‘बरं झालं, साहेब. नाहीतर दुसरा माणूस आणायचा कुठून?’