दहापैकी किती?

मलकापूरच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात अंकिता नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी आटपाडीकडचे एक आजोबा होते, मांडीला खेटून त्यांची सातेक वर्षांची नात. नर्स तिच्यापुढं वाकली.

"प्रांजल, एक्झिमा किती वाढलाय ते बघायचंय. खाज नसली तर शून्य, अजिबात सोसवत नसली तर दहा. तुझी किती?"

"दोन."

"दोन? कोपराच्या लवणीत रगत आलंय की गं! सिस्टर, रातभर खाजवती ही. मी हात धरून बसतोय."

"आबा, तुमी गप बसा की."

"का गं?"

"लय सांगितलं तर डॉक्टर घोंगडी बंद करत्याल. आई म्हणाली, लोकर चालत न्हाई. मग मला तुमच्यापाशी झोपू देणार न्हाईत."

आजोबांनी तिला जवळ ओढलं. अंकितानं मोबाईलमधून मान वर केली नाही, पण तिचं बोट थांबलं.

"खुळी का काय! घोंगडी गेली तर गेली. आपण सुती चादर घिऊ."

"तुमाला थंडी वाजली तर?"

"तू हाईस की कुशीला."

प्रांजल नर्सकडं वळली.

"नऊ," ती म्हणाली. "कवा कवा दहा."