युद्धाची पाच कारणं

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून तिघांना एका बाकावर बसवलं होतं. डोळे उघडायचे नाहीत, अशी तंबी होती. कडेला बसलेल्या बाईंनी शेजारचा आवाज मात्र लगेच ओळखला. युद्ध जाहीर झालं, तेव्हा रेडिओवर हेच मंत्रीसाहेब बोलले होते. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ त्यांनाच काही सांगत होते.

“मी इतिहासाचा मास्तर. जन्मभर पोरांकडून युद्धाची पाच कारणं घोकून घेतली. मग आपलं युद्ध झालं, माझा मुलगा आघाडीवर गेला, आणि मला एकही कारण सापडेना.”

“आम्हाला वाटलं होतं, आठवड्यात आटपेल.”

“अहो, प्रत्येक धड्यात तेच असतं. सगळ्यांना तसंच वाटतं.”

“धडे आम्हीही वाचले होते, मास्तर.”

“मग?”

“वाटलं, ती माणसं वेगळी होती.”

“हं. तुमच्यासोबत कोण आलंय?”

“कोणी नाही. पूर्वी गाडीचं दार उघडायला चार जण धावायचे.”

“मूलबाळ?”

“एक मुलगा. युद्धाच्या आधीच त्याला परदेशी धाडलं.”

“शहाणपणा केलात. येतो का भेटायला?”

“नाही येत.”



“माझाही नाही येत,” मास्तर म्हणाले.