हळदीच्या फोटोत वेणू नाय

हॅलो? … हां वेणू, बोल बाय. एवढ्या सकाळी? … कोणी कापली तुला? … फोटोतून? … अगं, रडतेस की ओरडतेस, एक काय ते कर ना! शिरगावातून अंबरनाथपर्यंत असंच ऐकू येईल, फोन कशाला लावलास?

… हो, हो, बघितला. कालचा हळदीचा फोटो, सगळ्यांच्याच मोबाईलवर आलाय. … नाय गं, तुझ्या वहिनीनं नाय कापली. तिला कांदा धड कापता येत नाय, ती तुला काय कापणार? रिद्धीनं काढलाय तो. तुझ्या लाडक्या भाचीनं.

… काय? संध्याकाळी लग्नाला येणार नाय? … अगं ए! सख्खी आत्या नाय आली तर मांडवात धवले कोण गाणार? मी? माझा आवाज ऐकून वरात स्टेशनापासूनच परत फिरेल. … अगं ऐक ना. ऐक तर!

रिद्धीचा तो कॅमेरा आपल्या मोबाईलसारखा डोळा मिचकावत नाय. टक लावून बघत बसतो. तेवढ्यात जो हलला तो पुसला. जो गप उभा, तो दिसला. … तुझी शपथ! पोरीला तसाच पाहिजे होता. तेजल नवरी एकटी थांबलेली आणि भोवती सगळा मांडव वाहतोय, हळदीच्या पाण्यासारखा.

… सोपं नव्हतं बाय! पहिला फोटो दूध उतू गेल्यासारखा पांढराफटक. मग मीच जितेश मांडववाल्याला दटावलं, तो मोठा हॅलोजन बंद कर, नुसत्या माळा राहू दे. दुसरा आला तर तेजलला चार नाकं! डीजे दणकला की कॅमेऱ्याचं तिकाटणं थरथरायचं. ते उचलून दगडी ओट्यावर ठेवलं, पायांमधे वजनाला तांदळाची पिशवी टांगली. … हो, बासमतीच. लग्नघरात वाळू कुठून आणू? … आणि तेजलला मधोमध उभी केलेली, ती बाजूला सरकवली. रिद्धी म्हणते, आजी, हीच मधे राहिली तर नाचणारे जाणार कुठं? पटलं मला.

पण आपली माणसं! कॅमेरा दिसला की गोणीसारखी उभी. हात खाली, दात बाहेर. नाचा म्हटलं तरी एकजण हलेना. मग मी माईकवर ओरडले, "फोटो झाला, नाचा आता!" … हो, खोटंच. रिद्धीनं बटण तेव्हा दाबलं. … अगं, शिव्या काय देतेस, आई आहे मी तुझी!

… तुझा हरिचंद्रकाका दिसतोय, कारण तो खुर्चीत झोपलेला. … कसला मान? नाकाला हळद लावून घोरत होता!

आता फोटो उघड. … उघड गं, फोन बंद नाय पडत. मोठा कर. तेजलच्या पायाशी हिरवी रेघ दिसते? ठिपक्याठिपक्यांची? … बोट लाव आणि जा तिच्या मागोमाग. … हां, तेजलला फेरी मारली … खांबाला वळसा … काकाच्या टकलावरून … आता सांग, कोणाच्या हातात होती ती कॅम्प पाचाच्या बाजारातली लुकलुकणारी बांगडी? … आणि मी मेली म्हणत होते, नातवंडं झाली तरी हातात दिवे काय लावतेस!

… हॅलो? वेणू? … हसतेस? … हो गं, नाचणारा पुसला तरी त्याच्या हातातला दिवा रेघ सोडतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत तूच. नवरी पण एवढी नाय त्या फोटोत!

… काय? आज गप उभी राहून अजून एक काढायचा? नको बाय! तू थांबलीस तर फोटोत उरणार काय? … धवल्यांना वेळेवर ये म्हणजे झालं. … हो, घाल ती बांगडी. दोन्ही हातात घाल!

… ठेव आता, मधेच दुसरा फोन येतोय. जनूभावोजी. तेपण नाचत होते!