दारातल्या चपलेचं माप

हसायचं तर हसा, पण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या मला मोज्याची टाच विणायला दीड महिना लागला. वरोऱ्याच्या थंडीत पाय गारठतात आणि रिकामं घर खायला उठतं, म्हणून शेजारच्या सुमनबाईंकडून शिकायला लागलो. त्या निवृत्त नर्स. मी दर ओळीचे टाके तीनतीनदा मोजायचो.

"सर, पेपर तपासून राह्यले का मोजा विनून राह्यले?" त्या विचारायच्या.

शेवटी पहिला मोजा झाला. आयुष्यभर नुसतं शिकवलं. हातानं केलेली ही एक वस्तू तरी बरोबर यावी, एवढीच धडपड होती. सुमनबाईंसमोर घालून पाहिला, तर अर्ध्या पावलावरच अडकला.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो. "मला काही जमायचं नाही."

"थांबा हो. विनला तर बेस आहे. माप कशाचं घेतलं?"

"चपलेचं. माझी पायात होती, म्हणून दारातली उचलली."

"दारातली कोनाची?"

मी दाराकडे पाहिलं. दारात दुसरी एकच जोडी आहे. बायकोची. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण ती जोडी मी अजून हलवलेली नाही.

सुमनबाईंनी मोजा माझ्या पायातून हळूच काढला आणि मांडीवर सरळ केला.

"उसवू का?" मी विचारलं.

"काऊन? दुसरा करा आता, याच मापाचा. तुमच्या बाई काय एकाच पायात घालतीन?"