बाजारगावचे दोनशे बारा

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दोन गावं. एकाच्या पोलीस ठाण्यात वर्षाला दोनशे बारा आरोपी, दुसऱ्याच्या ठाण्यात नऊ. सांगा बरं, चोरांचं गाव कोणतं? ... पहिलं? सगळे एका सुरात? वा, भजनातसुद्धा असा सूर लागत नाही तुमचा!

तर ऐका. पहिलं गाव खडकेवाडी, दुसरं आंबवणे. नावं माझ्या पदरची आहेत, नकाशात शोधत बसू नका. खडकेवाडीच्या केरबांची मुलगी वनिता, आणि आंबवण्याच्या गुणाजीरावांचा मुलगा. पोरानं पोरीला पाहिलं, पोरीनं पोराला पाहिलं, पसंती झाली. साखरपुड्याची तारीख धरायला गुणाजीराव बायकोला घेऊन केरबांच्या ओसरीवर आले. आणि बसल्या बसल्या खिशातून काय काढलं? पेपरचं कात्रण! जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांचे गेल्या वर्षीचे आकडे.

"केरबा, राग मानू नका. तुमच्याकडं दोनशे बारा, आमच्याकडं नऊ. असल्या गावात सोयरीक केली तर भावकी काय म्हणंल?"

केरबांच्या तोंडचं पाणी पळालं. ठरलेलं लग्न मोडतंय, आणि बोलायचं काय? आकडा छापलेला! आपला छापलेल्यावर भारी विश्वास. पंचांगात पाऊस छापला की आपण छत्री शोधतो.

तेवढ्यात वनिता चहा घेऊन आली. पोरगी मोठी चौकस. म्हणाली, "काका, एक विचारू? हे दोनशे बारा कोण आहेत?"

"कोण म्हणजे? तुमच्या गावचे."

"सगळे? आमच्याकडं दर बुधवारी बैलबाजार भरतो. तीन तालुक्यांची माणसं येतात. चोरी इथं झाली की लिहितात इथंच, मग धरलेला माणूस कुठला का असेना."

आलं का ध्यानात, मंडळी? गुन्हा जिथं घडला, तिथल्या ठाण्याच्या दप्तरी आरोपी चढला. त्याचं घर कुठं, हे तो आकडा सांगतच नाही. आणि आरोपी म्हणजे तरी कोण? ज्याच्यावर आळ आला, तो. निवाडा अजून व्हायचाय. आपण मात्र आळ आला की फाशी देऊन मोकळे.

गुणाजीराव काही हटेनात. "ते असू दे. पण आळ उगाच येत नाही. सज्जन माणसाचं नाव ठाण्यात जाईलच कशाला?"

आता बोलल्या त्यांच्या पत्नी, सोनाबाई. भोळी बाई, मनात कपट नाही. नवऱ्याकडं वळून म्हणतात, "अहो, मग तुम्ही कुठल्या आकड्यात?"

वाजवा हो मृदंगवाले, जरा वाजवा!

"मी?"

"गेल्या वर्षी इथल्याच बाजारात तुम्ही तो तांबडा बैल घेतला, आणि निघाला चोरीचा. विकणाऱ्याच्या जोडीला तुमचंबी नाव घातलं होतं ना? किती दिवस घास गिळला नाही तुम्ही."

"पण मला सोडलं की! माझा काय दोष होता?"

"दोष नव्हताच, मी कुठं म्हणते? मी एवढंच विचारते, तुम्ही आपल्या नवात, का ह्यांच्या दोनशे बारात?"

गुणाजीराव हट्टी खरे, पण खोटे नव्हेत. कात्रणाची घडी केली, खिशात घातली. मान खाली घालून म्हणाले, "केरबा, ज्यांच्यापायी तुमच्या गावाला नावं ठेवली, त्यातला एक मीच. आता मुलगी द्यायची का नाही, ते तुम्ही सांगा."

केरबांनी लेकीकडं पाहिलं. लेक म्हणाली, "चहा गार होतोय, मामंजी."

काकाचे मामंजी झाले, मंडळी. मग तारीख धरायला कितीसा वेळ?

आता तुमचं. तुमच्या प्रत्येकाच्या मनात एक गाव आहे, नाहीतर एखादी आळी आहे, जिथं मुलगी द्यायची नाही, जिथल्या माणसाला खोली भाड्यानं द्यायची नाही. कुणाच्या आकड्यावरून ठरवलंत? मोजले कोण, मोजले कुठं, दोष कुणाचा ठरला, विचारलंत कधी? आकडे वाचू नका असं मी म्हणत नाही. वाचा. पण वनितासारखं विचारा, हे कोण आहेत म्हणून. काय सांगावं, त्यात आपलाच माणूस निघायचा.

म्हणा तर मग, ज्याच्या दप्तरी आपली सगळ्यांचीच नावं आरोपी म्हणून चढलेली आहेत, आणि तरी जो दारातून कुणाला परत लावत नाही, त्या पांडुरंगाचा जयजयकार!