मगन खड्ड्यात उतरला

कौसाबाई : उखाभाऊ, दरवाजा तोडू नका! सख्खा मोठा भाऊ शे तो तुमना. मी आतथीन दारले टेकीसन उभी शे, हटाव नही.

उखा : वहिनी, बाजूले व्हय. तुले हात लावनं नही माले. तुन्हा नवराले बाहेर काढ, नही तर मी आत येसू.

कौसाबाई : कुऱ्हाडनी खांदा आधीच फोडा ना तुम्ही त्यासना! रगत थांबी नही ऱ्हायनं. आजून काय पाहिजे?

उखा : मुंडकं पाहिजे. मन्हा पोऱ्या मगननी चिताले आग दीसन ऊनू मी आत्तेच. एक महिना नही व्हयना लगीनले. सकाळले अर्धा भरेल मुरघासना खड्डामा ज्वारीना चारा तुडाले उतरना. चार पाय मारात, अन् गुडघावर बसना. मी दोर फेका. त्यानी धरा नही.

दोधू : मी काय करं रे त्याले?

उखा : तू सांगं नही, हाई करं! मांगला साल शेतकी खाताना कामदार म्हणे, चारा तुडा, वर माती लिपा, बस. परवा धानोराना बाजारमा त्यानीच नवं सांगं. अर्धा खड्डा रातभर ऱ्हायना तर त्यामा इखारी हवा भरस. आधी कंदील सोडा, इझना तर उतरू नका. तू तठे व्हता. सारा गाव म्हणस.

दोधू : व्हतू. ऐकं मी.

उखा : अन् तोंड शिवीसन बसना! हातभर बांधसाठे मन्हा पोऱ्या मारा! आते तुन्हा जीव लेस मी. दार फुटनंच समज!

कौसाबाई : सांगं त्यासनी! मन्हा लेकरसनी आण. काल सांजले, मधला काटासना कुपजवळ उभा ऱ्हायसन सांगं.

उखा : खोटं! चार साल व्हयनात, एक शबद बोलना नही तो मन्हासंगे.

दोधू : तुन्हासंगे नही बोलनू. बैलले सांगं, मोठ्ठा आवाजमा. "अर्धा खड्डामा कोणी उतरू नका रे, आधी कंदील सोडा." अबोला शे आपला. तुन्हं नाव लेवाले जीभ रेटनी नही मन्ही. चार साल असंच बोलनूत ना आपन? माय मरनी तवय तूबी तुन्हा बैललेच सांगं, मी कुपना आल्याड ऐकं, अन् पयत ऊनू.

(कुऱ्हाडीचे घाव थांबतात.)

कौसाबाई : उखाभाऊ, तुम्ही व्हतात काल कुपना पल्याड. ऐकं नही का तुम्ही?

उखा : ऐकं, वहिनी.

कौसाबाई : मंग?

उखा : माले वाटनं, मन्हा खड्डाले हसी ऱ्हायना. गावमा पहिला खड्डा मन्हा, म्हणीसन मन्हावर जयस.

दोधू : कौसा, दार उघाड. मी कुप वलांडाले पाहिजे व्हता. मारू दे त्याले.

उखा : मगन जवयच व्हता, दादा. त्यानी इचारं, "बा, मोठा बाबा काय म्हणी ऱ्हायना?" मी म्हणं, "बैलसंगे बोली ऱ्हायना. तू तुन्हं काम कर."